कड्याला दिलेली नावं

७ सप्टेंबर

दुपारच्या तासाला पाचवीचा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा आणि मागच्या बाकावरचं कुणीतरी पोर हमखास एक ओळ मागे राहायचं. सगळे थांबले की त्या एकट्याचा बारीक आवाज शेवटचे शब्द पुरे करायचा. सुदुंबऱ्याची ती शाळा सोडून वर्षं लोटली, पण आज इथं जीपमधून उतरलो आणि तोच आवाज कानात आला. स्वराजनं पिशवी उतरवताना "या गुरुजी" म्हटलं आणि समोरच्या दरीनं जरा थांबून म्हटलं, गुरुजी.

स्वराज माझा जुना विद्यार्थी. शाळेत एक कविता धड पाठ केली नाही त्यानं, आता लोणावळ्याच्या पुढं या सपाटीवर त्याचा कॅम्प आहे. खाली तलाव आणि होड्या, मागं जंगल, पुढं कडा. संध्याकाळी पर्यटकांना कड्यावर नेऊन चार गोष्टी सांगणारा माणूस त्याला हवा होता. माझा मुलगा आदिनाथ म्हणाला, भिंतींना कविता ऐकवण्यापेक्षा जा की बाबा. आलो. खोली पत्र्याची, कड्यापासून हाकेच्या अंतरावर. खिडकीतून भाताची खाचरं दिसतात. मन कसं भरून आलं.

१० सप्टेंबर

स्वयंपाक बाया नावाची बाई करते, तिचा नवरा गोविंदा पर्यटकांना रानवाटा दाखवतो. दोघं वरच्या वाडीतली. एक गंमत पाहिली. रानात ती एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. लांबून नुसतं "कूऽऽ" करतात. मी कारण विचारलं तर बाया म्हणाली, रानात नाव न्हाई घेत आमी गुर्जी, पैल्यापासनं तसंच हाय, का ते कुनाला ठावं. आणि ह्याचं नाव घिऊन तरी काय, घरात शेजारी बसून हाक मारली तरी ह्याला ऐकू येत न्हाई. गोविंदा खरंच ऐकू न आल्यासारखा भाकरी खात बसला.

आज कड्यावर मी पर्यटकांची हजेरीच घेतली. नुसतं "ओऽ" कसलं ओरडता, म्हटलं, पूर्ण नाव घ्या. आपलं, वडिलांचं, आडनाव. मीच प्रत्येकाचं नाव खड्या आवाजात पुकारायचो, मग दरी पुकारायची. लोक खूश. शेवटी मलाही राहवलं नाही. नात पुढच्या शनिवारी येणार आहे, त्या आनंदात तिचं नाव पुकारलं. तेजल आदिनाथ, आडनावासकट.

ते मात्र परत आलं नाही. वारा फिरला असेल.

१३ सप्टेंबर

शनिवार, गर्दी. घसा बसलाय. बायानं हळदीचं पाणी दिलं.

सगळे चहाला गेल्यावर मी एकटाच कठड्याशी उभा होतो. ढग उतरत होते, एक ओळ सुचली, ती म्हणून पाहिली:

ढग ओघळले कड्यावरूनी, खाचर खाचर झाले ओले

पुढची ओळ जुळेना. तेवढ्यात खालून माझी ओळ परत आली, अगदी स्वच्छ, माझ्या चाळिशीतल्या आवाजात. आणि तिच्यामागून दुसरी:

दिलेस ज्याचे नाव मला तू, त्याच्याशी मी आता बोले

खोलीत येऊन बसलो. दुसरी ओळ मीच पुटपुटलो असेन. म्हातारपणी असं होतं.

१५ सप्टेंबर

सकाळी धुकं इतकं की तंबू दिसेनात. मी स्वयंपाकघरात बायासमोर चहा पीत होतो. बाहेर गोविंदाचा ओरडा ऐकू आला. परवाच्या पर्यटकांपैकी मागं राहिलेला एकजण कठड्यावर चढून एक पाय पलीकडं टाकत होता. गोविंदानं कॉलर धरून ओढला आणि आमच्यासमोर आणून बसवला. तो माणूस उलट माझ्यावरच चिडला. म्हणाला, तुम्हीच तर बोलावलंत गुरुजी, पूर्ण नाव घेऊन, या म्हणालात, इकडं पायऱ्या आहेत म्हणालात.

माझा आवाज तर कालपासून कुजबुजीच्या वर जात नाही. बायानं माझ्याकडं पाहिलं. चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

१६ सप्टेंबर

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं. घसा स्वच्छ आहे, म्हणाले, तुम्ही बोलत का नाही?

जीपमध्ये स्वराज हसत होता, गुरुजी, आता तरी आम्हाला बोलू द्या. मीही हसलो. हसण्याचा आवाज आला नाही.

परतलो तर कड्याकडून कुणीतरी हजेरी घेत होतं. दहा तारखेची सगळी नावं, त्याच क्रमानं. प्रत्येक नावानंतर थोडं थांबत होतं, ओ येते का पाहायला.

शेवटचं नाव तेजलचं.

१८ सप्टेंबर

आदिनाथला फोन लावला. तो हॅलो हॅलो करत राहिला. बाबा, आवाज येत नाही, म्हणाला, शनिवारी येतोच आहोत, तेव्हा बोलू. ठेवला.

स्वराजला कागदावर लिहून दिलं, त्यांना येऊ देऊ नकोस. आधी त्यानं चेष्टा केली. मग मी त्याला दारात उभं करून ऐकवलं. भर दुपार होती. माझा आवाज दरीतून लाडीगोडीनं म्हणत होता, तेजल, ये गं, आजोबा इथं खाली आहेत.

स्वराजचा चेहरा उतरला. दरीच्या कानावर जाऊ नये म्हणून कार्ल्याला जाऊन त्यानं आदिनाथला निरोप धाडला, कॅम्प बंद आहे, येऊ नका. "ठीक आहे, नाही येत" असं उत्तर आलं. मला मोबाइलवर दाखवलं. तेव्हा कुठं मी खुर्चीत टेकलो.

रविवारी मलाही खाली नेणार आहे.

१९ सप्टेंबर

तंबू काढले. गोविंदानं कड्याच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या. जाताना बाया म्हणाली, वाडीवर चला गुर्जी, एक घोंगडी जास्तीची हाय. मी मान हलवली. गुडघ्यांना ती चढण झेपायची नाही, आणि उद्याचाच तर दिवस.

दोघं धुक्यात गेली. बराच वेळ "कूऽऽ" ऐकू येत राहिलं. बरं वाटत होतं.

आज दरी गप्प आहे.

२० सप्टेंबर, सकाळ

अजून गप्प. गेले कुठं माझे शब्द? तिकडं दरीतही नाहीत, इकडं घशातही—

दुपार

धुकं. दार लावून घेतलं आहे. काही ऐकू येत नाही. येणार कुणी नाही, मग भीती कसली. ती सुखरूप घरी आहे. हेच लिहीत बसलोय, सुखरूप घरी—

गाडीचा आवाज. स्वराज आज कसा?

दार वाजतंय. बारकी टकटक.

तेजल आली आहे.

हसते आहे. पाठीवर पिशवी. म्हणते, आजोबा, सकाळी तुमचाच तर फोन आला, आवाज एकदम मस्त झालाय तुमचा. तुम्ही म्हणालात ना, कॅम्प उघडला, या म्हणून.

मी फोनला हातही—

बाबा कुठे, मी खुणेनं विचारलं. ती म्हणाली, बाबा पुढं गेले, तुम्ही तिकडून हाक मारलीत ना त्यांना.

त्याचंही नाव दिलं होतं मी. तेजलच्या नावामागं.

तिचा हात धरलाय. तिला सोडून धावलो तर ती हाकेमागं जाईल. तिला घेऊन धावलो तर मीच तिला कड्यावर—

मला ओरडता येत नाही. तिला येतं.

बाळ हे वाच

इंग्रजी शाळेत जातेस, मराठी तुला बोट ठेवून वाचावं लागतं, माहीत आहे, पण वाच

बाहेरचा आवाज माझा नाही

दारातून ओरड. बाबा मागे फिर. नुसतं बाबा म्हण. नाव घेऊ नको. जोरात

माझ्याकडे बघू नको वाच

तिचं बोट "बाहेरचा" वर आहे. बा. हे. र. चा.

काटे मोडल्याचा आवाज आला

बाहेर मी म्हणतोय, हां, असाच ये, अजून थोडा पुढं, आदि