पाचवा गिअर कायले?

संघपाल दादा,

मी वरठीले ड्युटीवर जाऊन राहिलो. जीपमंधी नवं इंजिन बसलं, पण गिअरबॉक्स मुद्दाम लावला नाही. आपला जुना चार गिअरवाला सरळ बसते. तू आणलेल्या पाच गिअरवाल्यासाठी चाकाकडं जाणारा शाफ्ट कापा लागते. धानाचे पोते घेऊन कोंढ्याले जाताना तिसऱ्याच्या वर गिअर पडत नाही, मंग पाचवा कायले पायजे? तो तं लांबच्या हायवेवरच लागते. तुले विचारलं तर तू हासून टाळतं. मले येडा समजतं का?

आज सीटखाली तुह्या पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला सापडला, सोमवारचाच. जागेवर ठेवला आहे. तू गाव सोडून चालला, हे आईले अजून मालूम नाही. तू तिले सांग, मंगच मी शाफ्ट कापीन. एकडाव कापला का जुना गिअरबॉक्स पुन्हा बसत नाही.

विनोद