मंत्रिपदाची शपथ आणि शेवटचं मत

ती. अल्फियस दाजींना,
किलबॅरनहून एबेनेझरचा सादर नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? जेमायमाताईच्या छातीला हंसाची चरबी चोळताय ना? इकडे सगळे उभे आहेत, एक मीच पडलो. म्हणजे निवडणुकीत.

मी रस्ते-पूल खात्याचा मंत्री झालो, हे कळलंच असेल. टोरांटोत शपथ घेतली आणि घेताक्षणी आमदारकी गेली! (कायदाच तसा. पगारी मंत्रिपद घेतलं की पुन्हा लोकांतून निवडून यायचं, नाहीतर तेही गेलं. हा कायदा करणाऱ्याला जन्मात मंत्रिपद मिळालं नसणार.) आलो परत, तर समोर उभा कोण? घोड्यांचा दलाल लॅक्लन मॅक्वेरी! मतदानाला काय गर्दी, दाजी! एकेक जण मचाणावर चढून गावादेखत नाव ओरडत होता. मेले व्हिस्की माझी ढोसत होते आणि नाव त्याचं घेत होते! शेवटी झाली बरोबरी, आणि मत द्यायचे उरलो आम्ही दोघेच. आता आपली रीत तुम्ही जाणताच. उमेदवाराने स्वतःचं नाव घ्यायचं नाही, समोरच्याचं घ्यायचं, म्हणजे फिट्टंफाट. लॅक्लन म्हणाला, "आधी तुम्ही." मी म्हटलं, "छे छे, तुम्ही वयाने मोठे." तर म्हणतो, "पण मंत्री तुम्ही!" झालं, मी विरघळलो. छाती काढून ओरडलो, "लॅक्लन मॅक्वेरी!" मग तो चढला, टोपी काढून मला लवून नमस्कार केला आणि ओरडला, "लॅक्लन मॅक्वेरी!"

मी म्हटलं, अहो, रीत? तर म्हणे, "मंत्र्यांनी ज्याला निवडलं, त्याला मी कसा नाकारू?" गाव खदाखदा हसलं. आमची सौ. केझाया म्हणाली, "शपथ घेऊन आलात, अक्कल तिथेच ठेवून आलात." खरं सांगतो, घरी येऊन गोठ्यात रडलो. आयुष्यभर एवढं मंत्रिपदच तर मागितलं होतं हो! आता राजकारण कायमचं सोडलं. मी भला, माझ्या मेंढ्या भल्या.

ताईला नमस्कार, पोरांना पापे.
तुमचा मेव्हणा,
एबेनेझर प्रिंगल

ता. क. माझं मंत्रिपद लॅक्लनला दिलंय. म्हणजे त्याचीही आमदारकी गेली! गुरुवारी पुन्हा निवडणूक. अर्थात मी उभा आहे. तुमची नदीकाठची जमीन आमच्याच मतदारसंघात येते, आणि जमीन तिथे मत, तेव्हा लंगडत का होईना, पण या आणि माझं नाव घ्या.

आणखी एक. काल लॅक्लनची बायको सफरचंदाचा केक घेऊन आली होती. त्याचं नाव सुचवायला कुणी वजनदार माणूस हवा म्हणे. एवढ्या अदबीने विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? मी हो म्हणून बसलोय. भाषणही चांगलं जमलंय. तेव्हा माझ्यानंतर लगेच मचाणावर चढा आणि मला खोडून काढा.