डावा बॉक्स

अण्णा, शहागडच्या पंचक्रोशीत तुमच्या भोंग्यांशिवाय एक लग्न लागत नव्हतं, आणि तुमच्याच मुलीला गाणी ऐकायला आत्याचा खरखरता रेडिओ होता. जालन्याला कॉलेजात गेले आणि मी स्टिरिओचा हट्ट धरला. मैत्रिणीच्या घरी ऐकला होता. तबला एका बाजूला, गळा दुसऱ्या बाजूला, आणि आपण मधोमध बसलेलो. तुम्ही हसलात. "गाणं एकच हाय बाई, त्याला दोन डबडे कशाला?" पण आलात. कंपनीचा सेट आपल्या आवाक्यात नाही, हे दोघांनाही न बोलता माहीत होतं. "असेंबल घेऊ. आतला माल मी बघतो," म्हणालात, आणि अशी काही मान ताठ केलीत की मला हसूच आलं.

दुकानात तुम्ही बॉक्सचं प्लायवूड ठोकून पाहिलंत, अॅम्प्लिफायर हातात तोलून पाहिलात, मागचा पत्रा उघडायला लावलात. दुकानदाराचा चेहरा उतरत चालला होता आणि मला तुमचा भलताच अभिमान वाटत होता. मग त्याने नमुन्याची कॅसेट लावली. आगगाडी उजव्या बॉक्समधून निघते आणि डाव्यातून निघून जाते, ती. मी डोळे मिटले. गाडी डोक्यातून आरपार गेली. डोळे उघडून पाहते तर तुम्ही कपाळाला आठ्या घालून उभे. "गाडी कुठी गेली? जाग्यावरच वाजून राह्यली की."

तुम्ही उकिडवे बसलात. उजव्या बॉक्सला उजवा कान लावलात, मान डोलावलीत. डाव्याला डावा लावलात.

"हा बंद हाय."

"काका, दोन्ही बराबर चालू हायेत."

"तीस वर्षं झाले भोंगे लावून राह्यलो. मला नका शिकवू."

मी डाव्या बॉक्सवर हात ठेवला. आतला पडदा चांगला धडधडत होता. तेव्हा कळलं, आईने डावीकडून हाक मारली की तुम्ही ओ का देत नव्हतात. आम्ही सगळे त्याला तुमचा ताठा समजत होतो. भोंग्याखाली उभं राहून राहून तो कान कधीच गेला होता.

"अण्णा म्हणतात ते खरंय," मी म्हणाले, "वायर ढिली असंल." दुकानदाराकडे असं पाहिलं की तो शहाणा माणूस मुकाट्याने मागे गेला आणि वायर उगाच काढून परत लावली. या वेळी तुम्ही दुसऱ्या अंगाने वाकलात, उजवा कान लागला. "आता कसं! म्हन्लतो ना?" रिक्षात बॉक्स ठेवताना तुमची स्वारी खूश होती.

मी हे सांगितलं की लोक म्हणतात, बापाची लाज किती छान राखलीस. मीही मान डोलावते. पण हे पत्र काही टपालात पडायचं नाही, मग इथे खोटं लिहून काय उपयोग? तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं, भोंग्यांपासून लांब राहा म्हणायला हवं होतं. मी यातलं काहीच केलं नाही. तुम्ही तिथेच उभे राहत गेलात, आणि दुसराही कान गेला. शेवटी शेवटी तर सगळं घर तुमच्याशी खुणांनी बोलायचं.

खरं सांगू? दुकानात मला तुमची दया नव्हती आली. वाद वाढला तर तुम्ही तिरमिरीत निघून जाल आणि हातातोंडाशी आलेला स्टिरिओ जाईल, एवढंच डोक्यात होतं. हे तोंडावर सांगायला मला कितीतरी वर्षं मिळाली होती, अण्णा. त्यातली पहिली काही वर्षं तर तुम्हाला ऐकूही आलं असतं.