निवास क्रमांक ३ च्या चोवीस बिजागऱ्या

कांदळी बंदर, जिल्हा कुलाबा
दिनांक ३० जून १९५८

प्रति,
मे. एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर साहेब,
इमारती व दळणवळण खाते,
(कांदळी बंदर उपविभागाची वरिष्ठ कचेरी)

विषय : सरकारी निवास क्र. ३ (जुनी जकात चौकी) येथील खिडक्यांच्या काढून नेलेल्या बिजागऱ्यांबाबत, व माझ्या सहीचा एक दाखला रद्द करण्याबाबत.

संदर्भ : (१) माझा अर्ज दि. ११ नोव्हेंबर १९५७, स्मरणपत्रे दि. ३ मार्च व २ एप्रिल १९५८. (२) उपविभागीय कचेरीची नोटीस दि. १६ जून १९५८.

महोदय,

१. मी येथील माध्यमिक शाळेत शास्त्र शिकवते. वरील निवासात मी व माझी आई श्रीमती आनंदीबाई अशा दोघीच राहतो. आईला दहा वर्षांपासून दमा आहे. निवासाला चार खिडक्या असून त्यांपैकी दुसरी खाडीच्या तोंडावर आहे. आईचा पलंग तिच्याखाली आहे, कारण वारा तेथूनच येतो.

२. प्रत्येक खिडकीला दोन झडपा व प्रत्येक झडपेला तीन बिजागऱ्या, अशा एकूण चोवीस बिजागऱ्या होत्या. सर्व पितळी होत्या व जकात चौकी बांधली तेव्हाच्या असाव्यात. गेल्या पावसाळ्यानंतर झडपा खाली उतरून चौकटीला घासू लागल्या. दुसरी खिडकी तर दोन्ही हातांनी उचलल्याशिवाय लागेना, आणि ते आईच्या हातून होईना. म्हणून मी संदर्भ (१) मधील अर्ज केला. त्यात फक्त दुरुस्ती मागितली होती.

३. अर्जावर जानेवारीत उपविभागाचे ओव्हरसिअर श्री. शरच्चंद्र मोघे पाहणीस आले. त्यांचे आमच्याकडे दीड वर्षापासून येणे-जाणे होते व रविवारी ते बहुधा आमच्याकडेच जेवत. त्यांनी सांगितले की जुना माल कचेरीत जमा झाल्याशिवाय नवा माल देता येत नाही, असा नियम आहे. आईने विचारले, "अरे, मग मधले दिवस खिडक्या कशावर उभ्या राहायच्या?" त्यावर ते म्हणाले, "काकू, आठ दिवसांचा तर प्रश्न. शरद इथं असताना तुम्ही कशाला काळजी करता?" हे मी शब्दशः लिहीत आहे, कारण आई ते वाक्य अजून रोज म्हणते.

४. रविवार दि. ९ फेब्रुवारी रोजी शाळेच्या बाकांचे काम करणारे सुतार तुळशीराम यांच्या मदतीने मी चोवीसही बिजागऱ्या उतरवल्या. प्रत्येकीवर कानशीने खाचा केल्या. वरच्या कडेला जितक्या खाचा तितवी खिडकी, खालच्या कडेला जितक्या खाचा तितवी जागा (डाव्या झडपेत एक ते तीन, उजव्या झडपेत चार ते सहा). नवा माल त्याच मापाचा त्याच जागी बसावा, एवढाच यामागे हेतू होता. नंतर शाळेच्या स्क्रूगेजने प्रत्येक बिजागरीची मधली पिन मोजली. न झिजलेल्या टोकाशी ती ६.३५ मिलिमीटर होती. मध्ये सरासरी ५.४, व दुसऱ्या खिडकीच्या उजव्या झडपेत ४.९. ही झडप आई रोज चार-पाच वेळा उघडते व लावते, हे मला ठाऊक होते. परंतु माणसाची सवय धातूत अशी मापाने सापडेल याची कल्पना नव्हती, आणि त्या दिवशी मला त्याचा आनंद झाला होता.

५. बिजागऱ्यांची पाने मात्र उत्तम होती. म्हणून तक्त्याखाली मी असा अभिप्राय लिहिला : "झीज फक्त पिनेत आहे. नवी पितळी पिन घातल्यास याच बिजागऱ्या आणखी पन्नास वर्षे चालतील." दि. १० फेब्रुवारी रोजी तक्ता व माल श्री. मोघे यांच्या स्वाधीन केला व पावती घेतली. त्यांनी तक्ता दोनदा वाचला व म्हणाले, "बाई, इतकं बारीक काम आमच्या कचेरीत कोणी केलं नसेल." मग एक छापील दाखला पुढे ठेवला : "वरील माल संपूर्ण निरुपयोगी झाला आहे." मी म्हटले, हे खरे नाही, माल एका मिलिमीटरने झिजला आहे. ते हसले. "सरकारी कागदात झिजलेलं आणि निरुपयोगी यांना एकच रकाना असतो. सही करा, म्हणजे नवा माल सुटेल."

मी सही केली. जे मोजले होते त्याच्या विरुद्ध असलेल्या वाक्याखाली मी सही केली. त्यांनी सांगितले म्हणून केली. याचा दोष मी दुसऱ्या कोणावर टाकत नाही.

६. झडपा उतरवलेल्या घरात आम्हां दोघींना राहता येईना, म्हणून तुळशीराम यांनी त्या चौकटीत बसवून खिळे ठोकले. ठोकताना ते म्हणाले, "बाय, बिजागरी न्हाय ती खिडकी कसली, नुसती फली हाय. ठोकून देतो, पन आईला वारा कुठना येनार?" मी त्यांना सांगितले की आठ दिवसांचाच प्रश्न आहे.

आज त्या गोष्टीला एकशे चाळीस दिवस झाले. आईचे श्वास मी रोज संध्याकाळी घड्याळ लावून मोजते. बंद खोलीत मिनिटाला सरासरी एकतीस भरतात. बाहेर पायरीवर बसवल्यास बावीस. जून लागल्यापासून पायरीवर पावसाची झड येते, त्यामुळे तिला बाहेर बसवता येत नाही. खोलीतली हवा किती दमट आहे हेही मोजले आहे. आकडे सोबत जोडले आहेत.

७. दि. ३ मार्च व २ एप्रिल रोजी मी स्मरणपत्रे दिली. श्री. मोघे भेटले की "माल मुंबईहून निघालाय" असे सांगत. मार्चपासून त्यांचे रविवारचे येणे बंद झाले. कामाचा बोजा असेल, असे आई म्हणे.

८. रविवार दि. ११ मे रोजी त्यांनी आपल्या वाडीत बांधलेल्या नव्या घराची वास्तुशांत होती. आम्हांला बोलावणे होते. आईला ओटीवरच्या खोलीत खिडकीशी बसवले. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली, "अनू, इकडे ये. बघ इथं कसा छान वारा येतो. किती दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला गं." सवयीने मी तिचे श्वास मोजले. वीस होते. झडप एका बोटाने हलत होती. इतकी हलकी कशाने हलते हे पाहावे म्हणून मी बिजागरीवर हात ठेवला, तो कडेला खाचा लागल्या. वर दोन, खाली पाच. दुसरी खिडकी, उजवी झडप, मधली बिजागरी.

मी त्या खोलीतल्या बारा बिजागऱ्या पाहिल्या. बाराही आमच्या होत्या व प्रत्येकीत नवी पितळी पिन होती. म्हणजे माझा अभिप्राय पूर्णपणे मान्य झाला होता. उरलेल्या बारा आतल्या खोल्यांत असू शकतील. त्या मी पाहिलेल्या नाहीत, म्हणून तसे म्हणत नाही.

९. मी श्री. मोघे यांना अंगणात गाठून विचारले. त्यांच्या हातात पेढ्यांचे ताट होते. ते म्हणाले, "अनुसूयाबाई, निरुपयोगी म्हणून सही कोणाची आहे? मग निरुपयोगी वस्तू कुठे गेली याची चौकशी कशाला? पेढा घ्या." मी पेढा घेतला. चार माणसे पाहत होती.

१०. माझ्या तक्रारीमागचा हेतू आपण तपासाल, म्हणून एक बाब स्वतःहून नोंदवते. गेल्या मार्गशीर्षात माझ्या आईने श्री. मोघे यांच्याकडे माझ्याविषयी विचारणा केली होती. त्यांनी नकार दिला नव्हता. "काकू, आधी घर तर उभं राहू द्या," असे म्हटले होते. त्यांचा विवाह मुंबईच्या मुलीशी ठरल्याचे आम्हांला वास्तुशांतीच्या पंक्तीत कळले, व तो दि. २ जून रोजी झाला. त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. तो शब्द त्यांनी दिला नव्हता. बिजागऱ्यांचा दिला होता, आणि त्याची पावती माझ्याजवळ आहे. माझा पहिला अर्ज त्या विचारणेच्या आधीचा व दोन्ही स्मरणपत्रे हा विवाह कळण्याच्या आधीची आहेत, हे तारखांवरून दिसेल. "बाईंना राग आला आहे, म्हणून लिहितात," असे कचेरीत बोलले जाते. राग आलेला आहे. त्यामुळे खाचांची संख्या बदलत नाही.

११. अशा स्थितीत मला संदर्भ (२) ची नोटीस आली. तीत म्हटले आहे की, प्रत्यक्ष पाहणीत निवास क्र. ३ च्या खिडक्यांना बिजागऱ्याच आढळल्या नाहीत, सबब त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही. तसेच सरकारी इमारतीच्या बिजागऱ्या कोठे गेल्या व झडपांना खिळे कोणाच्या परवानगीने ठोकले, याचा खुलासा पंधरा दिवसांत करावा, अन्यथा निवास खाली करून घेण्यात येईल. मी कचेरीत जाऊन जमा मालाची नोंदवही पाहिली. तीत दि. १० फेब्रुवारीस "लोखंडी बिजागऱ्या, गंजलेल्या, नग २४, मोडीत काढल्या" अशी नोंद आहे. तिला पुरावा म्हणून माझा दाखला जोडला आहे. माझा तक्ता जोडलेला नाही.

नोटिशीवर पाहणी करणारे म्हणून श्री. मोघे यांचीच सही आहे. ज्या खोलीत बसून ते दीड वर्ष जेवले, तिच्या खिडक्यांना बिजागऱ्या कधी नव्हत्याच असे आता कागदावर ठरत आहे.

१२. तरी माझी विनंती अशी :

माझ्या सहीचा दि. १० फेब्रुवारीचा दाखला खोटा आहे. तो रद्द करावा, व खोट्या दाखल्यावर सही केल्याबद्दल आपणांस जी शिक्षा योग्य वाटेल ती मला द्यावी. संदर्भ (२) ची नोटीस मागे घ्यावी, कारण पंधरा दिवसांची मुदत उद्या संपते व आईला घेऊन जाण्यासारखी दुसरी जागा मला नाही. दुसऱ्या कोणा अधिकाऱ्याकडून श्री. मोघे यांच्या घरातील बिजागऱ्यांची तपासणी सोबतच्या तक्त्याशी ताडून करावी. चारही खिडक्यांना माल मिळणे शक्य नसेल तर निदान दुसऱ्या खिडकीला, म्हणजे सहा नग, आठवडाभरात द्यावेत. बसवण्याचे काम मी स्वतः करू शकते.

तपासणीस येणाऱ्या गृहस्थांनी कृपा करून माझ्या आईसमोर श्री. मोघे यांचे नाव घेऊ नये. मी तिला खाचांविषयी काही सांगितलेले नाही. तिची अजून खात्री आहे की शरद विसरायचा नाही, लग्नाच्या गडबडीत राहिले असेल.

शेवटची विनंती. त्या पितळी बिजागऱ्या परत मिळाल्या, तरी त्या आमच्या खिडक्यांना बसवू नयेत. त्या सरकारी मालात जमा कराव्यात. आम्हांला साध्या, नव्या, लोखंडी द्याव्यात. खाऱ्या हवेत त्या चार-पाच वर्षांत गंजून जातील हे मला माहीत आहे. तेव्हा मी पुन्हा अर्ज करीन.

उत्तराची वाट पाहणारी,

कु. अनुसूया विनायक दांडेकर, बी.एस्सी.
सहाय्यक शिक्षिका (शास्त्र), माध्यमिक शाळा, कांदळी बंदर
(उत्तर कृपया शाळेच्या पत्त्यावर पाठवावे, घरी नको.)

सोबत :
(१) बिजागऱ्यांच्या झिजेचा तक्ता, खाचांच्या खुलाशासह – नक्कल
(२) दि. १० फेब्रुवारी १९५८ ची पावती – नक्कल. मूळ माझ्याजवळ आहे
(३) आईच्या श्वासांची व खोलीतील दमटपणाची नोंद, दि. १० फेब्रुवारी ते २९ जून
(४) दुसऱ्या खिडकीच्या उजव्या झडपेची झिजलेली मूळ पिन, नग १. ही मी नमुना म्हणून वर्गात दाखवण्यासाठी ठेवून घेतली होती व जमा मालात दिली नव्हती. तीही सरकारी मालमत्ता आहे, म्हणून परत करीत आहे.