बर्फाच्या कप्प्यातली शाल

१४ नोव्हेंबर

चि. ठमाबाईस,

आशीर्वाद. जावईबापूंच्या गुडघ्याला एव्हाना आराम पडला असेल. मी ठणठणीत. कारखाना जोरात, बुटाच्या ब्रशांची मागणी उतरली, ती रंगाऱ्यांच्या ब्रशांनी भरून काढली. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुझा श्वास ऐकू येतो. तो जरा अडला की मी विषय बदलतो. कागदाला श्वास नसतो.

तर बातमी अशी, की तुझा बाप हल्ली दर रविवारी म्युझियममध्ये जातो. हसून घे, मग पुढे वाच.

सुरुवात तक्रारीनं झाली. म्युझियमनं धूळ झटकायला आपल्याकडून मऊ ब्रश घेतले होते, ते परत आले. सोबत चिठ्ठी : ‘हे घोड्याच्या खराऱ्याला वापरावेत.’ एवढ्या वर्षांत इतक्या सुबक अक्षरात माझा अपमान कुणी केला नव्हता. म्हटलं, आपणच जाऊन बघू.

लहानपणी तू पाहिलंस ते सगळं तिथं तसंच आहे. खाली नाणी, भांडी, शस्त्रं. मधल्या मजल्यावर चित्रं. वर पेंढा भरलेले पशुपक्षी. चित्रांच्या दालनात एक जोडपं उभं होतं. बायको म्हणाली, “हे आपल्या हॉलमध्ये बसेल.” नवरा म्हणाला, “बसेल, पण मग तुझी आई कुठं बसेल?” पुढची दोन चित्रं मी त्यांच्या मागेमागेच पाहिली. देवानं कान दिलेत ते काय उगाच?

वर तक्रारवाल्या बाई भेटल्या. पक्ष्यांची डागडुजी करतात. पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर, आणि समोरच्या घुबडाशी गप्पा चाललेल्या. मी म्हटलं, “ब्रशात खोट नाही, हातात असेल.” आणि दाखवायला म्हणून त्या घुबडावर ब्रश फिरवला. बूट चमकवतो तसा, पुढे-मागे. एक पीस माझ्या हातात आलं.

बाई शांतपणे म्हणाल्या, “हे घुबड शंभर वर्षं टिकलं. आज तुम्ही आलात.”

ठमे, मी ते पीस मुठीत लपवलं.

“पीस द्या इकडे,” त्या म्हणाल्या. “चिकटवता येईल. पिसं ज्या बाजूला वाढतात, त्याच बाजूला हात न्यायचा. उलटा नाही.” मी शेळीच्या केसांचे नवे ब्रश करवून घेतले आणि पुढच्या रविवारी नेऊन दिले. त्यांनी एक गालावर फिरवून पाहिला. “आता माणसात आलात,” म्हणाल्या. त्याच्या पुढच्या रविवारी न्यायला काहीच नव्हतं. तरी गेलो.

आता जरा बसून वाच.

मध्यंतरी त्या मला किडीची खूण दाखवत होत्या. काचेच्या पेटीच्या तळाशी वाळूसारखे कण. म्हणाल्या, बंद अंधारात कुणी हात न लावता ठेवलेल्या वस्तूंना ती आधी गाठते. मला तुझ्या आईचं कपाट आठवलं. ती गेली तेव्हा तू किल्ली फिरवून मला बजावलंस, “बाबा, याला हात लावायचा नाही.” मी लावला नव्हता. माझा शब्द बाजारात चालतो, घरातही चालायला हवा.

त्या दिवशी घरी आलो आणि कपाट उघडलं. कसर लागली होती. निळा स्वेटर हातात धरला तर त्याची चाळण. ताप आला की आई तुला जिच्यात गुंडाळायची ती तपकिरी शाल काठाला कुरतडलेली, पण मध्ये धड. मग बाईंना फोन केला.

त्या आल्या. कपडे गच्चीत उन्हात घातले, कपाट कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसलं, शाल हवाबंद पिशवीत घातली आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. म्युझियममध्ये हेच करतात. गारठ्यानं किडीची अंडीसुद्धा मरतात. तेव्हा तुझ्या आईची शाल सध्या मटारांशेजारी आहे. तिला कळतं तर दिवसभर हसत बसली असती.

कपडे परत लावताना बाई प्रत्येक वेळी विचारत होत्या, “हे त्या कुठं ठेवायच्या?” मी सांगायचो, त्या तिथंच ठेवायच्या. ते ऐकता ऐकता माझं ठरलं, आणि विचारल्यावर त्यांचंही.

आम्ही लग्न करतोय.

इथवर पिसांच्या बाजूनंच हात नेत आलो, हे वाक्य मात्र सरळ लिहिलं. परवानगी मागत नाही. पण तू आल्याशिवाय करणारही नाही. तू आली नाहीस तर तारीख पुढे जाईल, पुन्हा आली नाहीस तर आणखी पुढे. बाईंनाही तसं सांगितलंय. त्या म्हणाल्या, “मला चालेल. काचेतली माझी सगळी मंडळी थांबलेलीच असतात.”

येत्या रविवारी शाल बाहेर काढायची, तेव्हा ये. पिशवी लगेच उघडायची नसते म्हणे, आधी घरातल्या हवेत रुळू द्यायची. तेवढा वेळ आपण म्युझियममध्ये काढू. चिकटवलेलं पीस कुठलं, ते तू ओळखून दाखव; मला अजून जमलेलं नाही. मग घरी येऊ, आणि पिशवी तू उघड. दुसऱ्या कुणी उघडायची नाही, हे बाईंनीच बजावलंय.

किल्ली कपाटालाच लावून ठेवली आहे.

तुला दिलेला शब्द मोडून शाल वाचवलेला,
तुझा बाबा