शिओयाच्या टेकडीवरची शाळा

आकाशी
६ नोव्हेंबर

तार्मो-सान यांस,

समुद्रावरून थंड वारा येऊ लागला आहे. तुमच्या टेकडीवर तो जास्तच लागत असेल. तुमची प्रकृती ठीक असावी. इकडे आम्ही तिघी ठीक आहोत.

रीत पाळून झाली. आता मुद्द्याचे.

तुम्ही पाठवलेले शाळेचे माहितीपत्रक मिळाले. घटस्फोटानंतर पाच वर्षांत या घरी तुमची एक ओळ आली नाही. येऊ नये असेच ठरले होते. आता एकदम रंगीत चित्रांचे पाकीट, आणि तेही मुलींच्या आईच्या नावे नाही, माझ्या नावे. कासुमी तुमचे पाकीट न फोडता परत करील हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही मागच्या दाराने आलात.

कंपनीने कासुमीची बदली साप्पोरोला केली आहे. ती तिकडे एकटी राहते आणि दोन महिन्यांतून एकदा घरी येते. मुली माझ्याकडे असतात. धाकटी चिसा एप्रिलमध्ये पहिलीत जाईल. तिला कुठल्या शाळेत घालायचे ते वर्ष संपायच्या आत शहर कार्यालयाला कळवायचे आहे. कासुमी फोनवर म्हणाली, "आई, शाळा तू ठरव. फक्त त्या माणसाने ठरवलेली नको." तेव्हा तुमचे माहितीपत्रक केराच्या टोपलीतच जायला हवे होते. ते गेले नाही, याचा भलता अर्थ काढू नका. मी चौकशीशिवाय काही फेकत नाही.

शहर कार्यालयात गेले. तिथल्या तरुण कारकुनाने चूक आपलीच असल्यासारखी मान लववून सांगितले, की कायद्याच्या नजरेत अशी मान्यता नसलेली इंग्रजी शाळा ही शाळाच नव्हे. तिथे जाणारे मूल सरकारी दप्तरी गैरहजर. उद्या ती शाळा बंद पडली तर आमची शाळा मुलीला परत घेईल, पण तोवर तिच्या वयाची मुले लिहिण्यावाचण्यात कुठल्या कुठे पुढे गेलेली असतील.

गुरुवारी ती शाळा पाहायला न कळवता शिओयाला गेले. कोणा परदेशी व्यापाऱ्याचे जुने दुमजली घर, त्यात चाळीससुद्धा मुले नाहीत. मी फाटकाबाहेर उभी राहून निरखत होते, तेवढ्यात वरच्या खिडकीतून तुमच्या मुख्याध्यापिका, त्या आयल्साबाई, ओरडल्या, "आज्जी, चोरासारखं काय बघताय तिथनं? वर या की, चहा टाकलाय." स्कॉटलंडची बाई आपली भाषा मासळीबाजारात शिकलेली दिसते. आधी बाहेरून पाहीन, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, "बघा, बघा. बाहेरनं घर वाईटच दिसतंय." पहिल्याच भेटीत थट्टा करणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. शिवाय, मी कोण, हे त्यांनी विचारलेच नाही. परतीच्या गाडीत माझ्या ते लक्षात आले.

संडास स्वच्छ होते. मुलेच धुतात म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा. रोज का नाही, या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नव्हते.

दारातले बुटांचे कपाट मात्र मी ओळखले. माझ्या स्वयंपाकघरात तुमच्याच हातचे एक आहे. खिळा नाही आणि सांध्याला फटही नाही. खालच्या ओळीत एका खणावर नावाची चिठ्ठी नव्हती, पण आत बूट होते.

तुमचा त्या शाळेशी काय व्यवहार आहे? शाळा तुमच्या घरापासून किती लांब? आणि खरा प्रश्न हा, की मुलींचे इंग्रजी पक्के करून तुम्ही त्यांना कुठे नेणार आहात? पाच वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी म्हणून तुम्ही परदेशातल्या आपल्या गावची, तार्तूची, चौघांची तिकिटे काढलीत. परतीचे एकही नव्हते. कासुमीने तुमचा खुलासा मानला नाही. मीही नाही.

उत्तर लेखी पाठवा. थोरली फुमिका माध्यमिक शाळेत रुळली आहे. तिची काळजी नसावी.

हिराते सेत्सुको


आकाशी
१९ नोव्हेंबर

तार्मो-सान यांस,

पत्र मिळाले. तुमचे अक्षर सुधारले आहे. सुरुवातीला "आई" असे लिहिले आहे, ते पुन्हा लिहू नका.

तुम्ही लिहिता की शाळेच्या मागच्या आवारात तुमचा सुतारखाना आहे आणि भाड्याच्या बदल्यात तुम्ही शाळेची बाके-कपाटे करून देता. घर तिथून दहा मिनिटांवर. तिकिटांबद्दल तेच जुने उत्तर, की तिकडच्या कामाचे नक्की नव्हते, परतीची तिकिटे तिथूनच काढणार होता. वाचले. मानायचे की नाही ते मागाहून पाहू.

पण दुसऱ्या पानावर, खाली, तुम्ही लिहिले आहे, "निदान चिसाचे केस तरी काळे करू नका."

हे वाक्य मी शेगडीपुढे उभी राहून वाचले आणि गॅस बंद केला. फुमिकाचे केस काळे केले आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितले? तुम्ही तिला शेवटचे पाहिलेत तेव्हा ती सात वर्षांची होती आणि तिचे केस तुमच्यासारखे तपकिरी होते. कासुमी तुम्हाला सांगणार नाही. मी सांगितलेले नाही.

तेव्हा आता तुमचे नाटक पुरे आणि माझेही.

एप्रिलमध्ये शाळेने दाखला मागितला. केस रंगवलेले नाहीत, जन्मापासून तपकिरी आहेत असे लिहून द्या, खाली घरच्यांचा शिक्का आणि सोबत तान्हेपणीचा फोटो. फुमिका म्हणाली, "दाखला दिला की मला दाखला लागतो हे सगळ्यांना कळणार. त्यापेक्षा काळे करून टाक, आजी." मी केले. मी नाराच्या महिला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आहे. कानाला डाग लागू न देता काम नीट झाले. थोड्या दिवसांनी भांगात तपकिरी दिसू लागले की आम्ही पुन्हा न्हाणीघरात वर्तमानपत्र अंथरत असू. वर्गात सगळी काळी डोकी. मला वाटले, आता प्रश्न मिटला.

मे महिन्याच्या अखेरीस वर्गशिक्षिकेचा फोन आला. फुमिकाची प्रकृती कशी आहे? मेच्या सुरुवातीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. आणि ही मुलगी तर रोज सकाळी गणवेश घालून घरातून निघत होती. मी शिक्षिकेला म्हटले, पोटाचा त्रास आहे. त्याच रात्री गणवेशाला इस्त्री करताना खिशातून लाकडाचा भुसा पडला.

भुसा पाहून कोणाला काय वाटले असते कोण जाणे. मला तार्तूची तिकिटे आठवली.

मी फुमिकाला विचारले नाही, शाळेला पोटाचेच कारण सांगत राहिले. कासुमीलाही कळवले नाही. कळताच तिने वकील गाठला असता आणि फुमिकाला साक्षीला उभे केले असते. सप्टेंबरमध्ये एक दिवस टोपी घालून मी तिच्या मागच्या डब्यात बसले. ती शिओयाला उतरली आणि टेकडी चढली. गुडघे सांभाळत मीही चढले. फाटकातून मला दिसले, तिने खालच्या ओळीतल्या बिनचिठ्ठीच्या खणात पायातले बूट ठेवले. त्या बुटांच्या नाड्या मीच धुऊन पांढऱ्या केल्या होत्या. मग सुतारखान्याच्या खिडकीतून पाहिले. ती फळीला रंधा मारत होती. तुम्ही पाठमोरे होता. दोन-तीन मुले आत आली, त्यातले एक काहीतरी म्हणाले आणि फुमिका हसली. तोंडावर हात न ठेवता. माझ्या घरात ती एप्रिलपासून हसलेली नाही.

पुढच्या गाडीने परत आले. वाटेत मासे घेतले. संध्याकाळी तिला विचारले, शाळा कशी होती? नेहमीसारखी, ती म्हणाली. तिघी जेवलो.

मी गप्प का राहिले, तेही लिहून टाकते. रोज संध्याकाळी मी खिडकीशी उभी राहायची, आणि रोज मला खात्री असायची की आज ती येणार नाही. मुलींचे पासपोर्ट माझ्या खणात आहेत. रोज सकाळी खण उघडून ते जागेवर आहेत ना ते पाहायची. तुम्ही तिला आधी सुतारखान्यात, मग वर्गात, मग विमानात न्याल, असा माझा हिशेब होता. माहितीपत्रक आले तेव्हा वाटले, आली दुसरी पायरी. पहिल्या पत्रात मी तुम्हाला शाळेबद्दल विचारत नव्हतेच. तुम्ही खोटे लिहिता का, ते पाहत होते. तुम्ही खोटे लिहिले नाहीत, फक्त गाळलेत. गाळणे मलाही येते.

परवा आयल्साबाईंना फोन केला. माहितीपत्रक आत्ताच का आले, ते त्यांच्याकडून कळले. घरच्यांना सांगितल्याशिवाय नवीन वर्षापासून पोरगी इथे दिसता कामा नये, असे त्यांनी तुम्हाला बजावले होते. "जूनपासून सांगतेय त्याला, आज्जी. पण हा बाबा लाकडाशी बोलतो, माणसांशी नाही." त्यांनाही मी चार शब्द ऐकवले. परक्याची मुलगी सहा महिने अशी ठेवून घेतात का? "चुकलंच," त्या म्हणाल्या. सबब सांगितली नाही. एवढे एक बरे वाटले.

राहिले चिसाचे. गेल्या महिन्यात फुमिकाचे केस रंगवताना ती दारात बसून पाहत होती. म्हणाली, "आजी, पहिलीत गेल्यावर माझी पाळी ना?" नवे दप्तर मिळणार असल्यासारखी खुशीत विचारत होती. म्हणून तुमचे माहितीपत्रक टोपलीत गेले नाही.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी कासुमी येईल. तिला मी सांगणार आहे. तोवर फोन करू नका, येऊ नका, काही पाठवू नका.

हिराते सेत्सुको


आकाशी
८ डिसेंबर

तार्मो-सान यांस,

थंडी वाढली आहे. सुतारखान्यात शेगडी नाही असे फुमिका सांगते. एक घ्या.

कासुमी आली. चिसाला शेजारी पाठवले आणि जेवण झाल्यावर कासुमीला सगळे सांगितले, मे महिन्यापासूनचे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग हळू आवाजात म्हणाली, "तो लपवतो म्हणून मी त्याला सोडलं. आणि तू जाऊन त्याच्या बाजूला बसलीस?"

"त्याच्या बाजूला नाही," मी म्हटले. "मागच्या डब्यात."

तिला ते आवडले नाही. उद्याच्या उद्या दोघींना साप्पोरोला घेऊन जाते, तिकडच्या शाळेत घालते, म्हणाली. पासपोर्ट मागितले. मी आणून दिले. तिने ते पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. मीही रोज तेच करत आले होते, पण दुसऱ्याला करताना पाहणे बरे वाटले नाही.

फुमिका दारात उभी होती. केव्हापासून ते ठाऊक नाही.

"आई, बाबाला मला न्यायचंच असतं तर मे महिन्यातच नेलं असतं," ती म्हणाली. "रोज दिवसभर मी तिथंच होते. साडेपाच झाले की तोच रंधा काढून घ्यायचा. आवर, आजी वाट बघत असेल, म्हणायचा. आणि मी रोज परत आले. एक दिवस चुकले नाही. आजीला विचार."

कासुमीने माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "चुकली नाही."

मग कासुमीने विचारले, तिथे तुझ्या केसांबद्दल काय म्हणतात? फुमिका म्हणाली, कोणी काहीच म्हणत नाही. आयल्साबाईंनी फक्त एकदा विचारले होते, रंग कोण लावते, हात चांगला आहे. त्यावर कासुमी उठून तोंड धुवायला गेली. मोरीतून बाहेर यायला तिला वेळ लागला.

सोमवारी रजा वाढवून ती स्वतः टेकडीवर गेली. तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हता. त्या दिवशी थांबू नका हा माझा निरोप पाळलात, नोंद घेतली आहे. शाळा बंद पडली तर काय, आग लागली तर काय, शिक्षक सोडून गेले तर काय, असे तिने आयल्साबाईंना दोन तास धारेवर धरले. मुलगी माझीच आहे. बाईंनी जिथे उत्तर नव्हते तिथे नाही म्हणून सांगितले. त्याने कासुमीचे निम्मे समाधान झाले. निम्मे व्हायचे नाहीच.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या माध्यमिक शाळेत गेले. फुमिकाचे नाव आमच्याच शाळेत राहील, आणि शिओयाला घालवलेले दिवस हजेरीत धरले जातील. तसे करणे मुख्याध्यापकांच्या हातात असते. आधी ते म्हणाले, विचार करावा लागेल. मी म्हटले, करा, मी बसते. डबा घेऊनच गेले होते. डबा पाहून त्यांचा विचार लवकर झाला.

चिसा इथल्या, घराजवळच्या शाळेत जाईल. शेजारची मुले तिथेच आहेत आणि तिला तीच हवी आहे. लहान शाळेचा भरवसा नसतो. एकीसाठी तो धोका पत्करते, दोघींसाठी नाही. तिथल्या मुख्याध्यापकांना आधीच भेटून आले. या मुलीचे केस तपकिरी आहेत आणि तपकिरीच राहतील, कोणाला दाखला हवा असेल तर मीच येऊन समोर उभी राहीन, असे सांगितले. फुमिकाचेही आता रंगवणार नाही. नवीन वर्षाला नातेवाईक येतील तेव्हा तिचे डोके दोन रंगांचे दिसेल. दिसू दे.

कासुमीच्या अटी अशा. फुमिका जानेवारीपासून रीतसर त्या शाळेत, संध्याकाळी घरी. शनिवारी दुपारी मी चिसाला घेऊन सुतारखान्यात येईन आणि तिथेच बसेन. पासपोर्ट कासुमीने साप्पोरोला नेले आहेत. शाळेत पालकांची पहिली सभा जानेवारीत आहे, तिला कासुमी येणार. तुम्हीही यायचे. कपाटामागे काम काढून बसायचे नाही, वडील बसतात तिथे बसायचे. ती तुमच्याशी बोलेलच असे मी सांगू शकत नाही.

माझा तुमच्यावर विश्वास बसला आहे, असे समजू नका. मुलीला शाळेत घातले आहे, तुमच्या हवाली केलेले नाही. पण मी इकडे वाट पाहत होते हे तुम्हाला रोज माहीत होते, आणि मला मात्र तुम्हीच तिला घरी धाडत होतात हे माहीत नव्हते, याचा मला फार राग आला आहे. तो कोणावर काढायचा हे अजून ठरत नाही.

साडेपाचचे सांगणे चालू ठेवा.

उत्तर लिहू नका. शनिवारी काय ते तोंडाने बोला. मला काय म्हणून हाक मारायची ते तुमचे तुम्ही ठरवा, मी अडवणार नाही.

पहारा न सोडलेली,
सेत्सुको