घरची ज्वारी, मामांच्या गोळ्या

हैदराबाद,
५ जून २०२५

ती. मामांस रंजीताचा साष्टांग नमस्कार. मामीलाही तोच, दोघांनी अर्धा अर्धा वाटून घ्यावा.

तुम्ही पाठवलेल्या ज्वारीनं आमच्या प्रयोगशाळेत धमाल उडवली आहे. पोटात प्रथिनं पचतात, तशी ज्वारीतली प्रथिनं आम्ही काचेच्या नळीत पचवली. त्यांचे जे बारीक तुकडे होतात त्यांना पेप्टाइड म्हणतात. अंगात साखर वाढली की पेशींना एक प्रकारचा गंज चढतो, आणि काही पेप्टाइड तो थोपवतात. बाजारची ज्वारी आणि आपली ज्वारी शेजारी शेजारी तपासली, तर आपली दुपटीनं सरस! ऑगस्टमध्ये दिल्लीच्या परिषदेत हे मांडायला माझी निवड झाली आहे.

तेव्हा मामा, भाकरी खात राहा, तुमच्या मधुमेहाच्या गोळ्या लाजून पळून जातील!

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलात तर ठेवायला जागा करीन.
तुमची भाची,
रंजीता

तलमडुगु,
२ जुलै

चि. रंजूस कुसुममामीचे पोटभर आशीर्वाद.

फोन सदा तुझ्या मामांच्या खिशात, म्हणून चोरून लिहिते आहे. तुझं पत्र त्यांनी देवळापाशी चौघांना वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केली. विचारलं तर म्हणतात, काऊन घेऊ? रीतीनं ज्या भाचीच्या पाया पडतो आमी, तिचा शब्द मोडू कसा? सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, रात्रीही भाकरी. परवा गुडीहत्नूरच्या दवाखान्यात तपासलं तर साखर तीनशे वीस. पाय जळजळतात, सदरा खांद्यावरून ओघळतो, तरी म्हणतात की अंगातला गंज निघून राह्यला. पोरी, मला हसूही येतं आणि रडूही येतं. माझं ऐकतील तर ते तुझे मामा कसले? आता तूच काही कर.

ज्वारी संपली असेल तर कळव. मागच्यासारखीच कडू लिंबाच्या पाल्याचा रस आणि एरंडेल चोळून, वाळवून पाठवीन. शहरात गेलेल्या धान्याला कीड लागली तर नाव आपल्या घराचं जातं.

माया अशीच राहू दे आणि वेळेवर जेवत जा.
तुझी मामी,
कुसुम

हैदराबाद,
९ जुलै

ती. मामांस सा. न. वि. वि.

मागचं पत्र चौघांत वाचलंत, तसं हेही वाचा आणि मोठ्यानं वाचा, कारण माझी घोडचूक झाली आहे. आपल्या ज्वारीला मामीनं कडू लिंबाचा रस आणि एरंडेल चोळलं होतं, आणि मी काही न विचारता ती तशीच दळली. त्यातलीच उरलेली ज्वारी स्वच्छ धुऊन पुन्हा तपासली, तर बाजारच्या इतकीच निघाली. मी ज्याला पेप्टाइडचा पराक्रम समजले तो लिंबाच्या पाल्याचा होता. सरांना सगळं सांगून टाकलं आणि दिल्लीच्या यादीतून नाव काढून घेतलं. दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी भूक लागली. मामीला एका शब्दानंही बोलू नका, विचारून घेणं माझं काम होतं.

आणि आकडे खरे असते, तरी नळीत झालं ते माणसाच्या अंगात होईलच असं नसतं. गोळ्या पळतील हे मी गमतीनं लिहिलं. मामा, मला फार भीती वाटते आहे. भाकरी चांगलीच, पण ती गोळीच्या जोडीला. उद्याच डॉक्टरांकडे जा. हवं तर या वेळी मी तुमच्या पाया पडते.

रागावलात तरी चालेल, पण गोळी घ्या.
तुमचीच,
रंजीता

तलमडुगु,
१७ जुलै

चि. रंजीतास मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र देवळापाशी वाचलं. त्या चौघांतले अमृतराव फार हसले, मीही हसलो. मग घरी येऊन पुन्हा एकट्यानं वाचलं. एवढीशी पोर मोठ्या मोठ्या सरांपुढं चुकलं म्हणते आणि हातातलं सोडून देते. मग आपण कशाला खोटं रेटावं?

खरं सांगतो, तुझा शब्द हे निमित्त होतं. आमच्या थोरल्या भावाला आधी गोळी लागली, मग रोजची सुई आणि शेवटी पाय गेला. गोळीला हात लावला की मला त्याची खाट दिसायची. तुझ्या पत्रानं पळवाट दिली आणि मी पळालो. हे मी कुसुमला पहिल्यांदाच सांगितलं. डॉक्टरांनी तेलुगूत यथेच्छ झापलं, गोळी वाढवली आणि भाकरी तीनऐवजी एकच ठेवली.

तुझ्यासाठी बियाण्याला राखलेली ज्वारी कणसासकट बांधली आहे. तिला कोणाचाही हात लागू दिलेला नाही, मामीचा तर नाहीच.

आज सकाळी गोळी घेतली. तुझी मामी पाण्याचा तांब्या देऊन समोर बसली आणि गोळी घशाखाली उतरेपर्यंत तिथून हलली नाही. मग पदरानं डोळे पुसून चुलीकडे गेली. एवढे दिवस मी एकटाच भीत होतो असं समजत होतो.

येत जा, लिहीत जा, आम्हा दोघांची आठवण असू दे.
तुझा मामा,
पांडुरंगराव